अकरा लिटरची पेटी

जळगावात पिंप्राळ्याला भाईदास मिस्तरींचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, पाण्याच्या टाक्या असं सगळंच ते करतात, पण नाव आहे ते कूलरसाठी. होळी झाली की दुकानासमोर कूलरांची रांग लागते. गिऱ्हाईक आलं की मिस्तरी आधी त्याच्या घराची दिशा विचारतात, खिडकी कुठे, दार कोणत्या बाजूला उघडतं ते विचारतात, आणि मग सांगतात की कूलर हवा तो घ्या, पण हवेला बाहेर जायला वाट ठेवली नाही तर घामच येणार. एका डॉक्टरला त्यांनी कूलर द्यायला साफ नकार दिला होता, कारण डॉक्टर मागची खिडकी उघडी ठेवायला तयार नव्हता.

त्यांना एकच मुलगी, मयुरी. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. जानेवारीत तिचा साखरपुडा धुळ्याच्या योगेंद्रशी झाला. योगेंद्र शेतात सौर पंप बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. आठवड्यातले चार दिवस साक्री, शिरपूर, चोपडा असा फिरायचा आणि तिथल्याच लॉजवर राहायचा. मुलगा शांत, निर्व्यसनी आणि लाजरा. बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा त्यानेच मान खाली घालून सांगितलं, "मला काही नको." भाईदासना जावई तिथेच पसंत पडला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रेमराज नानांचा फोन आला. हे लग्न जमवलं ते नानांनीच. ते धुळ्याकडचे, फोनवर बोलताना पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं बोलणारे.

"भाईदास, तुना जवाई एक पेटी मांगी राह्यना."

"काय?"

"पेटी, पेटी. एकच. लहानशीच शे म्हने. पोऱ्या लाजी राह्यना व्हता, म्हनीसन मी सांगस. लगीनना पह्यले भेटनी ते बरं व्हई, आसं सांगे."

नानांना कुठल्याशा तेराव्याला जायचं होतं, त्यांनी फोन ठेवला. भाईदास हातात कातर घेऊन तसेच उभे राहिले. बाजारात लाख रुपयांना पेटी म्हणतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. गल्लीतला प्लॉटचा दलाल दिवसभर याच भाषेत बोलायचा. तीस वर्षं पत्र्याच्या पेट्या ठोकत आलेल्या या माणसाला त्या घडीला पत्र्याची पेटी काही आठवली नाही.

दुपारी जेवायला दुकानामागच्या घरात गेले तेव्हा त्यांनी बायकोला, सुगंधाबाईंना, हे सांगितलं. मयुरी लॅबमध्ये होती.

"आपलं ते ठरेल व्हतं ना, देनं नही, घेनं नही?" सुगंधाबाई म्हणाल्या.

"ठरेल व्हतं."

"मंग जा नि तोंडवर इचारी या. आनि पोरले आते काही सांगू नका. ती लगेच फोन लाई."

भाईदासनी मयुरीला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुवट सदरा घालून ते धुळ्याच्या बसमध्ये बसले. पारोळ्यापर्यंत त्यांनी मनाशी भाषण तयार केलं, पुढे ते पाठ केलं. भाषण चांगलं होतं. मी पत्रा ठोकून पोट भरणारा माणूस आहे, इथपासून सुरुवात होती, आणि माझी मुलगी मला जड झालेली नाही, इथे शेवट होता. शेवटचं वाक्य म्हणून उठून उभं राहायचं आणि चहा न पिता निघायचं, असंही त्यांनी ठरवलं.

पण देवपुरातल्या घरी पोहोचले तर योगेंद्रच्या आईने, पुष्पाबाईंनी, दार उघडता उघडताच चहा टाकला. उन्हातून आलेले व्याही बघून त्या इतक्या खूश झाल्या की भाईदासच्या हातात कप कधी आला ते त्यांनाच कळलं नाही. योगेंद्र आतून आला, पाया पडला आणि समोर खुर्चीच्या टोकावर बसला.

"मामा, नानांनी पेटीचं सांगितलं ना?"

"सांगितलं."

"तुम्हाला राग तर नाही आला? मी थेट विचारणार होतो, पण धीर होईना."

"बैठकीत तर तुम्ही काही नको म्हणाला होता."

"तेव्हा डोक्यात नव्हतं," योगेंद्र म्हणाला. "नंतर गरज वाटायला लागली. बाहेर मिळते तशी, पण म्हटलं, घरचं माणूस असताना बाहेर कशाला मागायची?"

भाईदासनी चहाचा घोट घेतला. त्यांना वाटलं होतं पोरगा निदान खाली बघेल, पण त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"आणि लग्नाच्या आधीच पाहिजे?"

"आधी मिळाली तर बरं. आणि मामा, काळी असली तर उत्तम."

कप बशीत टेकला. "काळी?"

"हो. पांढरी लगेच डोळ्यांत येते."

भाईदासनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. आई तरी मुलाला गप्प करील अशी त्यांना आशा होती. त्या मान डोलावत होत्या.

"काळीच द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "पांढरी असली की माझ्याच गळ्यात काम येतं. आमच्याकडे धूळ किती, रोज पुसत बसावं लागेल."

धूळ कुठून आली ते भाईदासना समजलं नाही, पण आता थांबायचं नाही असं ठरवून ते उभे राहिले. "हे पाहा योगेंद्रराव, मी पत्रा ठोकून पोट भरणारा माणूस आहे."

"म्हणूनच तर तुमच्याकडे मागितली."

हे उत्तर भाषणात धरलेलं नव्हतं.

"फक्त तिला भोकं नीट पाडायला हवीत," योगेंद्र म्हणाला.

"कोणाला?"

"पेटीला." त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एक चित्र समोर धरलं. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, काळी, पत्र्याची पेटी. चारी बाजूंनी जाळी. "यात कॉम्प्युटर बसवायचाय. गेम खेळायचा. ताकद मोठ्या कॉम्प्युटरएवढीच, पण सॅकमध्ये मावला पाहिजे. लॉजवर संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न असतो मामा. लॅपटॉप घेऊन पाहिला, त्यात दम नाही."

भाईदास खाली बसले. उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि अजून आहे का, असं विचारलं.

"पण तुम्ही एवढ्यासाठी उन्हातून आलात? फोन केला असता तरी चाललं असतं," योगेंद्र म्हणाला.

"म्हटलं, ठेवणार कुठे ती जागा बघावी," भाईदास म्हणाले. मग खोटं बोललो असं होऊ नये म्हणून त्यांनी उठून खरोखरच योगेंद्रच्या खोलीतली खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली, आणि आठ दिवसांत पेटी देतो असा शब्द देऊन टाकला.

आठ दिवसांचा महिना झाला.

सुरुवातीलाच मापावरून घोळ झाला. योगेंद्रने फोनवर सांगितलं की पेटी अकरा लिटरच्या वर जायला नको. भाईदासच्या दुकानात लिटरमध्ये मोजली जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे टाकी, आणि त्यांची सगळ्यात लहान टाकी चाळीस लिटरची होती. त्यात योगेंद्र पुढे म्हणाला की आतला मुख्य भाग थंड ठेवायला पाण्याचा कूलर बसणार आहे. भाईदासना एकदम हुरूप आला. इतक्या वेळात कळलेला हा पहिलाच शब्द होता. त्यांनी आठवडाभर खपून जाड पत्र्याची एक पेटी केली, तिच्या तळाला पन्हळ काढली, आणि पाणी सोडायला कोपऱ्यात छोटी तोटी बसवली.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी योगेंद्र सगळे भाग घेऊन जळगावला आला. तोटी बघून त्याने ती एकदा फिरवून पाहिली.

"पाणी नळीत बंद असतं, मामा," तो म्हणाला. "कंपनीतूनच भरून येतं. काढायचं नसतं."

"कधीच?"

"चार-पाच वर्षं तरी नाही."

"तेच पाणी चार वर्षं? डास होतील."

योगेंद्रने डास का होणार नाहीत ते समजावलं. भाईदासनी ऐकून घेतलं, पण पटल्यासारखं केलं नाही. मग त्यांनी टेबलावरची कातर, रिबिटं, सगळं बाजूला सारलं, स्वच्छ चादर अंथरली आणि एकेक भाग हातात घेऊन विचारायला लागले. मदरबोर्ड तळहाताहून थोडा मोठा होता.

"हे गरम होतं?"

"होतं."

"आणि हे?" हा वीज पुरवणारा डबा होता.

"तेही होतं."

मग त्यांनी विटेएवढं जाड आणि हातभर लांब ग्राफिक्स कार्ड उचललं. गेमची सगळी चित्रं तेच तयार करतं असं योगेंद्रने सांगितलं.

"हे सगळ्यात जास्त तापतं," न विचारताच तो म्हणाला.

"म्हणजे तीन चुली आणि एक बंद खोली," भाईदास म्हणाले. "आणि लावणार खानदेशच्या उन्हाळ्यात."

पहिली पेटी त्यांनी स्वतःच मोडीत टाकली. दुसरी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची केली. मधोमध एक आडवा पत्रा घातला, त्याच्या एका अंगाला मदरबोर्ड आणि दुसऱ्या अंगाला कार्ड, पाठीला पाठ लावून. भोकं त्यांनी एका मापाची, एका रांगेत पाडली. नुसत्या भोकांना चार दिवस गेले. काळा रंग भट्टीत भाजून आणला. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दोघं जोडायला बसले तेव्हा सगळं बसलं, फक्त कार्डाची जाड वायर बाजूच्या झाकणाला अडत होती. चार मिलिमीटर. योगेंद्रने वायर दाबून पाहिली, वाकवून पाहिली, आणि मग कार्डाचं प्लास्टिकच थोडं घासावं म्हणून कानस उचलली.

भाईदासनी त्याच्या हातातून कानस काढून घेतली. "महागाची वस्तू घासायची नसते. स्वस्तातली वाढवायची असते." त्यांनी झाकण काढलं, वाळूच्या पिशवीवर पालथं ठेवलं आणि गोल तोंडाच्या हातोडीने आतून हलक्या हाताने ठोकत ठोकत वायरच्या जागी एक फुगवटा काढला. पेटीला छोटंसं पोट सुटलं. रंग थोडा उडाला, पण झाकण बसलं.

आता चालवून बघायचं होतं. योगेंद्र म्हणाला, नुसतं सुरू करून उपयोग नाही, तासभर जड गेम चालला पाहिजे, तेव्हाच कळेल. त्याला स्वतःला पेटीतल्या पंख्यांवर हात धरून बसायचं होतं, म्हणून खेळायला मयुरीला बसवलं. रविवार असल्याने ती घरीच होती. तिने याआधी मोबाइलवरसुद्धा गेम खेळला नव्हता. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. पहिली दहा मिनिटं तिने गाडी भिंतीवर, झाडावर आणि एकदा समुद्रात घातली. मग तिला त्याची गोम कळली, ती दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसली, आणि तिने बोलणं बंद केलं.

पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या तापमानाचा आकडा होता. तो सत्तरला होता, ऐंशीला गेला, मग नव्वद झाला. बाहेर त्रेचाळीस होतं. आकडा चौऱ्याण्णव झाला तसा योगेंद्रच्या कपाळाला घाम आला.

"वरचा पंखा कोणीकडे फेकतो?" भाईदासनी विचारलं.

"तो फेकत नाही, आत ओढतो. बाहेरची थंड हवा थेट कूलरवर."

"उलटा करा."

"मामा, मी दहा व्हिडिओ पाहिलेत. सगळे असाच लावतात."

"सगळे कुठले?"

"जर्मनीचे, कोरियाचे."

"त्यांच्याकडे बाहेर थंड हवा असते," भाईदास म्हणाले. "तुमच्या देवपूरला मे महिन्यात कुठून आणणार?"

योगेंद्र पहिल्यांदाच हट्टाला पेटला. तो म्हणाला, यामागे शास्त्र आहे. भाईदास म्हणाले, असेल. मग ते घरात गेले, देवापुढची उदबत्ती पेटवून आणली आणि पेटीच्या एका बाजूला धरली. धूर जाळीतून आत गेला, खालून कोमट होऊन बाहेर आला, टेबलावरून घुटमळला, पेटीच्या अंगाने वर चढला आणि वरच्या पंख्याने तोच पुन्हा आत ओढून घेतला. दोघं वाकून बघत होते. धुराने तीन फेऱ्या मारल्या.

"तोंडातून काढून तोंडातच घालतोय," भाईदास म्हणाले.

योगेंद्रने गेम थांबवायला सांगितला. मयुरीने ही फेरी संपू द्या म्हणून पाच मिनिटं घेतली. मग त्याने वरचा पंखा उलटा बसवला. भाईदासनी कूलरच्या स्टँडचे रबरी पाय कापून पेटीच्या खाली लावले, त्यामुळे ती इंचभर उचलली गेली आणि खालच्या भोकांना श्वास मिळाला. पुन्हा सुरू केलं. धूर खालून आत शिरला आणि वरून सरळ छताकडे निघाला. अर्ध्या तासाने आकडा एकोणऐंशीवर होता आणि तिथेच थांबला.

योगेंद्रने भाईदासचा हात दोन्ही हातांत धरला. सुगंधाबाई सगळ्यांना ताक घेऊन आल्या होत्या. टेबलभर पसरलेली हत्यारं, उदबत्तीची राख आणि घामाने ओले झालेले दोन पुरुष बघून त्या म्हणाल्या, "यानापेक्षा एक लाख दिधा व्हतात ते परवडतं."

"कसले लाख?" मयुरीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

भाईदासनी बायकोकडे पाहिलं. सुगंधाबाईंनी ताकाकडे पाहिलं. मयुरीची गाडी थांबली.

मग सगळं सांगावं लागलं. नानांचा फोन, धुळ्याची बस, पारोळ्यापर्यंत रचलेलं भाषण. योगेंद्रचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मामा, तुम्हाला वाटलं मी..." एवढंच तो म्हणाला. मग त्याला अजून काहीतरी आठवलं आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी काळी मागितली होती," तो हातांआडून म्हणाला.

मयुरीला हसू फुटत होतं, पण ती हसली नाही. ती वडिलांकडे वळली. "म्हणजे तुम्ही माझं लग्न मोडायला गेला होता."

"विचारायला गेलो होतो."

"चहा न पिता निघणार होता, आत्ताच म्हणालात. मला विचारलं का कोणी? मी रोज बोलते यांच्याशी. पेटी म्हणजे काय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पप्पांकडून करून घ्या, त्यांच्यासारखं काम कोणी करत नाही, हे मीच सांगितलं होतं यांना. हे लाजले आणि नानांकडे गेले. तुम्ही रागावलात आणि बस पकडलीत. लग्न माझं, आणि एक फोन मला करायचं कोणाला सुचलं नाही."

भाईदासनी आयुष्यात गिऱ्हाइकापुढे, सावकारापुढे कधी मान खाली घातली नव्हती. ते म्हणाले, "चुकलं बेटा."

"आणि माझंही," योगेंद्र म्हणाला.

मयुरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "यापुढे माझ्याबद्दल काहीही असलं तरी आधी मला विचारायचं. दोघांनीही." मग तिने पाय पुन्हा खुर्चीवर घेतले. "आता बाजूला व्हा. पडदा दिसत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी योगेंद्र धुळ्याला निघेपर्यंत स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्याला एकदाही बसायला मिळालं नाही.

लग्न मे महिन्यात झालं. भाईदासनी जावयाला पोशाख केला आणि मुलीबरोबर एक कूलर पाठवला, तोही तिला विचारूनच. मयुरीला धुळ्यात दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. योगेंद्र पंप बसवायला बाहेर जाताना पेटी सॅकमध्ये घालून न्यायचा, असं दोन महिने चाललं. पुढे मयुरी ऑनलाइन गेमच्या एका संघात खेळायला लागली. तिच्या सामन्यांच्या वेळा ठरलेल्या असत. तेव्हापासून पेटी बहुतेक घरीच राहायला लागली आणि योगेंद्र लॉजवर परत लॅपटॉप नेऊ लागला.

डिसेंबरात भाईदास मुलीकडे गेले तेव्हा धुळ्यात कडाक्याची थंडी होती. सकाळचे नऊ वाजून गेले तरी लोक दारात शेकोटीपाशी बसलेले. मयुरी आतून म्हणाली, "पप्पा, दहा मिनिटं. सामना चालू आहे." योगेंद्र भरताची वांगी भाजत होता. त्याने हाताने बसा अशी खूण केली.

भाईदास खोलीत जाऊन मुलीच्या मागे उभे राहिले. आकडा एकसष्ट होता. त्यांना समाधान वाटलं. मग त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. वरच्या जाळीवर, गरम हवा जिथून बाहेर पडते बरोबर तिथे, एक स्टीलचं पातेलं झाकण घालून ठेवलेलं होतं. निम्मी जाळी बंद झाली होती.

"हे कोणी ठेवलं?"

"मीच भाऊ," पुष्पाबाई दारातून म्हणाल्या. "या थंडीत दही लागतच नाही. इथं ठेवलं की दोन तासांत घट्ट लागतं. तुम्ही केलेली वस्तू फार गुणाची."

"विहीणबाई, हवेची वाट आहे ती. अडवायची नाही."

"तेच मयुरी म्हणते. म्हणून मी सामना नसताना, ती नुसता सराव करते तेव्हा ठेवते. आज विसरून राहिलं." त्या जवळ आल्या आणि पातेलं उचलून त्यांनी झाकण काढून दाखवलं. दही खरोखरच सुरीने कापावं असं लागलं होतं. "मी म्हणत होते भाऊ, वर एखादी कडी किंवा रिंग बसवता येईल का? म्हणजे पातेलं अधांतरी राहील आणि हवाही जाईल."

भाईदास म्हणाले, असलं काही होत नाही, ही नाजूक वस्तू आहे, यामागे शास्त्र आहे. पुष्पाबाई बरं म्हणाल्या आणि दह्याची वाटी त्यांच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेल्या. भाईदासनी दही खाल्लं. वाटी खाली ठेवली. थोडा वेळ ते पेटीच्या वरून येणाऱ्या उबेवर हात धरून बसले, मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून टेप काढला आणि पातेल्याचं बूड किती इंचांचं आहे ते मोजलं.